जांभईचा हात

मास्टरिणीने तोंड उघडलं, जबड्याचा सांधा कट्कन वाजेपर्यंत उघडलं, डोळे मिटले आणि घशातून लांबलचक हवा सोडली. मग एक डोळा किलकिला करून समोर पाहिलं.

समोर खुर्चीत मास्टर बसले होते. उजवा हात मांडीवरच्या उशीवर, तिने सकाळी ठेवला होता तसाच. ते तिच्याकडे टक लावून बघत होते. नवऱ्यासमोर बसून बायको दुपारभर खोट्या जांभया देते, असं या घरात याआधी कधी घडलं नव्हतं.

"येत नाही का हो?"

"बरोबर," मास्टर म्हणाले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. चहा देऊ का, बरोबर. नको का, बरोबर. दुखतंय का, बरोबर. बरं वाटतंय का, तेही बरोबर. मान हलवून सांगा म्हटलं तर होकार आणि नकार एकमेकांत अडकत आणि मान नुसतीच गोल फिरे. उभं आयुष्य गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावून ते हाच शब्द पुटपुटत आले होते. बाकीची सगळी भाषा गेली आणि नेमका हा मागे राहिला. पहिल्यापहिल्यांदा मास्टरिणीला त्याचं हसू यायचं. मग राग येऊ लागला. आता ती त्यांना काही विचारायचंच टाळायची, त्यामुळे मास्टरांच्या मनात काय आहे ते या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

खाली त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि वर या दोन खोल्या. मास्टर कापड कापत, त्यांचा धाकटा भाऊ मशीनवर बसे, आणि बाकी सगळं, म्हणजे गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, भांडणं, उशीर झाला की थापा मारणं, हे मास्टरांच्या बायकोकडे. म्हणून तर तिला सगळे मास्टरीण म्हणत. झटका आल्यापासून कापायचं टेबल रिकामं होतं. धाकटा शिवायचा उत्तम, पण नव्या कापडाला कात्री लावायची म्हटलं की तो कात्री खाली ठेवून द्यायचा. एकदा हिय्या करून त्याने एक कोट कापला, तर दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. गिऱ्हाइकं पलीकडच्या रस्त्यावर जाऊ लागली. कपाटातला कापडांचा ढीग आधी वाढला, मग वाढायचाही थांबला.

तेव्हा धाकट्याने एक नवा कटर शोधून काढला. अनुभवी माणूस, स्वभावाने गरीब. पण त्याला दुसऱ्या दुकानाचंही बोलावणं होतं. आज संध्याकाळपर्यंत यांच्याकडून पक्कं झालं नाही, तर तो तिकडे जाणार होता.

आणि मास्टरिणीने ते पक्कं होऊ दिलं नव्हतं, एका जांभईच्या जोरावर.

परवा सकाळी ती मास्टरांचं तोंड पुसत होती. त्यांना जांभई आली. नुकत्याच उठलेल्या माणसाला येते तशी, साधीच. तोंड उघडत गेलं, आणि त्याबरोबर तो निर्जीव उजवा हात उशीवरून सुटला, कोपरात वाकला आणि छातीपर्यंत वर आला. बोटं पसरली. जांभई चालू होती तोवर हात हवेत होता. तोंड मिटलं आणि तो धप्पकन खाली पडला.

मास्टरीण ओला टॉवेल तिथेच टाकून जिन्याकडे धावली.

"भाऊजी! हात हलला! अहो, यांचा हात हलला!"

धाकटा तोंडात धरलेल्या टाचण्यांसकट वर आला. "दादा, उचल बघू," तो ओठांच्या फटीतून म्हणाला. "बरोबर," मास्टर म्हणाले, आणि हात जागचा हलला नाही.

"वहिनी, तुम्हाला वाटलं असेल."

"वाटलं? हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा, भाऊजी? या डोळ्यांनी पाहिलंय मी. त्यांचा हात परत येतोय, आणि तुम्ही त्यांच्या जागेवर दुसरा माणूस आणून उभा करताय!"

धाकट्याने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या.

"मला एकदा दाखवा," तो म्हणाला. "नुसतं एकदा. हात येणार असेल तर ते टेबल दादाचंच. कटरला मी नाही म्हणून सांगतो. मग दुकान काही दिवस बंद ठेवावं लागलं तरी चालेल."

कालचा सगळा दिवस डोळ्यांत तेल घालून बसल्यावर मास्टरिणीला एवढं कळलं की हात मागून येत नाही, जांभईबरोबर येतो. आणि जांभई तरी मागून कुठे येते? म्हणून आज तिने मास्टरांना उजाडायच्या आत उठवलं. दुपारी डोळा लागू दिला नाही. पापण्या मिटल्या की ती भांडं आपटायची. खोलीतली हवा कोंदली की जांभया येतात असं लोक म्हणतात, म्हणून तिने खिडक्याही लावून घेतल्या. आजारी माणसाला असं छळताना तिला बरं वाटत नव्हतं. पण घोडामैदान जवळ आलं होतं. चार वाजता धाकटा कटरला घेऊन वर येणार होता.

तेवढंच असतं तर ती खंबीर राहिली असती. पण सकाळी मास्टरांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या.

मास्टरिणीने मोठ्या आनंदाने त्यांना जांभईची हकीकत सांगितली होती. बाई मास्टरांचं मनगट हातात धरून फिरवत होत्या. ते फिरवणं थांबलं नाही, पण त्यांचा चेहरा जरा सावध झाला.

"असं होतं, काकू. काही जणांना होतं."

"मग चांगलंच आहे की. हात जिवंत आहे म्हणायचा."

"जांभई दिली असं आपण म्हणतो खरं, पण ती कोणी देत नाही. ती येते. तिची मेंदूतली वाट वेगळी असते, आणि त्या वाटेने हाताला हुकूम जातो. काकांनी स्वतः हात उचलायचा तर वाट दुसरी. ती बंद पडलीय."

"उघडेल ना?"

"उघडेलही, नाहीही. पण ते या जांभईवरून कळत नाही. हिच्यावर आशा लावून बसू नका."

मास्टरिणीने मास्टरांच्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे हात उठतो तेव्हा ते उचलत नाहीत."

"नाही."

"मग कोण उचलतं?"

उत्तराऐवजी बाईंना जांभईच आली. ती त्यांनी खांद्याआड लपवली. "बघा, नुसतं बोललं तरी येते," त्या ओशाळून म्हणाल्या. जाताना दारात थांबून त्यांनी बजावलं, "घरच्यांनाही सांगा हं. उगाच गैरसमज नको."

"सांगते," मास्टरीण म्हणाली होती. हे सगळं मास्टरांच्या देखत झालं होतं. ते ऐकत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

तिने धाकट्याला सांगितलं नाही. अजून बटणसुद्धा न लावलेला कोट 'होतच आलाय' म्हणून गिऱ्हाइकाला सांगताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. हे खोटं त्या जातीचं नव्हे, हे तिला समजत होतं. दुकान बसलं तर धाकट्याच्या पोरांनी काय करायचं, हेही समजत होतं. पण त्या टेबलाशी दुसरा माणूस उभा राहिला की मास्टर संपले, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि त्यापुढे तिची अक्कल चालत नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी निदान छातीपर्यंत वर तरी येत होती.

जिन्यावर पावलं वाजली.

धाकटा आधी आत आला. त्याच्या मागे नवा कटर. बुटका, नीटनेटका, कानांवर केस पांढरे झालेला. तो दाराशीच घुटमळला. मास्टरिणीने बसा म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी काठावर टेकला, आणि मास्टरांकडे एकदा बघून त्याने नजर आपल्या गुडघ्यांवर ठेवली.

"खिडकी उघडू का, वहिनी? गुदमरतंय."

"नको. त्यांना वारा लागतो."

धाकट्याने कपाळ पुसलं. "बरं. मग कसं काय?"

"जांभई आली की हात उठतो," मास्टरीण म्हणाली.

"जांभई आली की?"

"सुरुवात अशीच होत असेल."

"बाई काय म्हणाल्या?"

मास्टरिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणाल्या, हाताला हुकूम जातोय."

हे तसं खोटं नव्हतं. धाकट्याचा चेहरा असा काही उजळला की तिला तिकडे बघवेना. "खरंच?" तो म्हणाला. "दादा, ऐकलंस? हुकूम जातोय!"

"बरोबर," मास्टर म्हणाले.

मग तिघं जण एका माणसाच्या जांभईची वाट बघत बसले. कटर आला होता पोटापाण्याचं ठरवायला. आपल्याला इथे काय बघायला बसवलंय हे त्याला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. मास्टरिणीने धाकट्याची नजर चुकवून तोंड उघडलं आणि एक जांभई सोडली. सकाळपासूनचा सराव होता, हुबेहूब वठली.

ती पहिल्यांदा लागली कटरला. त्याने मान वळवून, मूठ ओठांवर धरून ती गिळायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांतून पाणी आलंच. "माफ करा," तो पुटपुटला. त्याची बघून धाकट्याला आली, चांगली आवाज करून. धाकट्याची बघून पुन्हा कटरला. नोकरीसाठी आलेला माणूस आणि मालक समोरासमोर बसून एकमेकांना जांभया देतायत, असा तो देखावा झाला. दुसऱ्या एखाद्या दिवशी मास्टरीण पोट धरून हसली असती. आज तिचं सगळं लक्ष मास्टरांच्या नाकाकडे होतं.

नाकपुड्या फुलल्या.

ही खूण तिला पाठ झाली होती. आता हनुवटी खाली जाणार, आता श्वास आत खेचला जाणार. तिने स्वतःचा श्वास धरला. "बघा," ती हलकेच म्हणाली.

मास्टरांची हनुवटी जरा खाली गेली आणि तिथेच थांबली. ओठ उघडले नाहीत. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कानाखालचा स्नायू थरथरला, डोळ्यांच्या कडा भिजल्या. उशीवर उजव्या हाताची बोटं किंचित हलली. तेवढ्यात डावा हात पुढे आला, उजव्या मनगटावर बसला आणि त्याने ते दाबून धरलं. मग सगळं ओसरलं. मास्टरांनी नाकाने सावकाश श्वास सोडला.

"आली होती का?" धाकट्याने विचारलं. "मला नाही कळलं."

"अर्धवट आली," मास्टरीण घाईने म्हणाली. "पुन्हा येईल."

तिने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी चोरून नव्हे, उघड उघड, मास्टरांच्या समोर. कटरला पुन्हा लागली. मास्टरांच्या नाकपुड्या पुन्हा फुलल्या. पुन्हा दातांवर दात आवळले गेले, ओठाच्या लुळ्या कोपऱ्यातून थोडी लाळ गळली, आणि डावा हात मनगटावरून हलला नाही.

तेव्हा तिला दिसलं की ते तिच्याकडे बघतायत.

ही नजर तिच्या ओळखीची होती. ती काउंटरवर गिऱ्हाइकाला थाप मारत असली की टेबलाशी उभे असलेले मास्टर वर बघत. परक्या माणसासमोर त्यांनी तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. ते नुसते बघत राहत, ती मनातून वरमून आपणच खरं काय ते सांगून टाकेपर्यंत.

जांभई येते, ती कोणी देत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. पण आलेली दाबून धरायला माणूस लागतो. हात उठायचा तेव्हा तो मास्टरांचा नसायचा. हा आवळलेला जबडा मात्र त्यांचाच होता. आजारपणात पहिल्यांदा ते तिच्याशी स्पष्ट बोलत होते, आणि तिला ते नको होतं.

तिने तोंड मिटलं आणि मान फिरवली. बघितलं नाही तर कळलंही नाही, असं करता येईल का, एवढाच विचार तिच्या मनात होता.

धाकटा उठून मास्टरांच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"दादा, तूच सांग. यांना ठेवून घेऊ का?"

"बरोबर."

"की थांबू मी? तुझा हात येईपर्यंत?"

"बरोबर."

धाकट्याने दोन्ही तळहातांनी तोंड चोळलं. मग तो उठला.

"राहू दे, वहिनी. मला नाही दिसलं, पण तुम्हाला दिसलंय ना? आणि बाई म्हणाल्यात ना हुकूम जातोय म्हणून? झालं तर. तुमच्या शब्दावर थांबतो मी." मग तो कटरकडे वळला. "तुम्हाला उगाच खेटे पडले. पण माझ्या भावाचा हात येतोय."

"वा, चांगलं आहे की," कटर म्हणाला. मनापासूनच म्हणाला तो. उठून त्याने शर्ट नीट केला. "येतो मग."

मास्टरीण जिंकली होती. तिला नुसतं गप्प बसायचं होतं, तेवढंच काम उरलं होतं. कटर दारापर्यंत गेला, चपलेत पाय सरकवू लागला. तिने मास्टरांकडे बघितलं नाही, पण ते बघतायत हे तिला मानेवर कळत होतं. एक चप्पल पायात गेली, दुसरी उलटी पडली होती. कटर ती सुलटी करायला वाकला.

"थांबा," ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

"भाऊजी, ठेवून घ्या यांना. हुकूम जातो, पण तो यांचा नाही. जांभईचा आहे. त्याने हात परत येतोय असं काही नाही. बाईंनी सकाळीच सांगितलं मला."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. "सकाळीच?"

"हो."

"आणि तुम्ही मला इथे बसवून..." तो रागावला होता, आणि रडूही येत होतं, हे तिला दिसत होतं. "मग आता तरी कशाला सांगितलंत? मी तर थांबायला तयार झालो होतो."

"यांना विचारलं."

"दादाला? कधी?"

मास्टरिणीने मास्टरांच्या मनगटाकडे नजर वळवली. धाकट्याने मास्टरांकडे पाहिलं. मास्टर डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसले होते आणि त्यांचे डोळे ओले होते. त्याला काय समजलं कोण जाणे. तो पुन्हा विचारायला गेला नाही.

कटर एका चपलेवर उभा होता. परक्याच्या घरात नको ते कानावर पडलं की माणूस जसा कामाचं बोलू लागतो, तसा तो म्हणाला, "ते खालचं टेबल मी बघितलं मघाशी. मला जरा उंच पडेल. पाय थोडे कापून घेतले तर चालतील का?"

"टेबलाला कोणी हात लावायचा नाही!" मास्टरीण ताडकन म्हणाली. मग तिला त्या माणसाची दया आली. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मास्टरांच्या उंचीचं करून घेतलंय ते. तुम्ही पायाखाली फळी घ्या. मोरीत एक जुनी आहे, भाऊजी काढून देतील."

"फळी चालेल," कटर म्हणाला.

"आणि आजच बसा. राखाडी कापडवाली बाई रोज येऊन शिव्या देऊन जाते. तिचंच आधी घ्या."

धाकट्याने जाताना जिन्याचं दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने खाली काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, मग दोघांचं बोलणं, मग शांतता. मास्टरीण उभीच होती. खालून कात्रीचा आवाज येऊ लागला. जाड कापडातून सरळ रेघेत, न थांबता जाणारा. ती लक्ष देऊन ऐकत राहिली. हात चांगला होता त्या माणसाचा. हे तिला अजिबात आवडलं नाही.

तिने एकेक करून खिडक्या उघडल्या. बाहेरची हवा आत आली. मग ती स्टूल ओढून मास्टरांच्या समोर बसली. त्यांचे दात अजून आवळलेलेच होते. इतका वेळ दाबून धरल्याने हनुवटी बारीक थरथरत होती आणि डावा हात मनगट सोडायला तयार नव्हता.

तिने त्या हाताची बोटं सोडवली.

"गेले ते," ती म्हणाली. "आता येऊ द्या."

मास्टरांचं तोंड उघडलं. दुपारभर अडवून धरलेली ती जांभई आली, खोल, लांब, सगळा चेहरा ताणत. उजवा हात उशीवरून सुटून वर गेला, बोटं पसरली, क्षणभर तिच्या खांद्याजवळ थांबला आणि खाली पडला. मास्टरिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचंही तोंड आपोआप उघडलं.